टायर मोठा झाला, मडगार्डचं काय?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "पिकअप ट्रकची मडगार्डं कापणं." फोनवर पलीकडे बराच वेळ शांतता होती. (हशा) विषय अमेरिकेतला आहे, हे आधीच कबूल करतो. मी कोलोरॅडोत अकरा वर्षं राहिलो. नोकरी सॉफ्टवेअरची, पण शनिवार-रविवार बराचसा गाडीखाली जायचा. डोंगरातल्या दगडी वाटांवर जाणारे लोक तिथे पिकअप घेतात, वर्षभरात तिला मोठे टायर लावतात, आणि मग एके दिवशी गॅरेजमध्ये ग्राइंडर घेऊन मडगार्डासमोर उभे राहतात. मीही उभा राहिलो होतो.

मला आज एवढंच सांगायचंय की कुठे कापायचं हे गाडी उभी असताना कळत नाही. आणि कापायचं की नाही, हे तो पत्रा नुसतं कातडं आहे की हाड आहे, यावर ठरतं. त्याची किंमत मी मोजलेली आहे, ती गोष्ट पुढे येईल.

आधी मोठा टायर हवाच कशाला? टोयोटा टॅकोमा घेऊ, कारण माझ्याकडे तीच होती. 2016 ते 2023 या काळातल्या तिच्या ऑफ-रोड आवृत्तीवर 265/70 आर16 हे माप यायचं. म्हणजे टायरची रुंदी 265 मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या 70 टक्के, रिम 16 इंची. हिशेब केला तर व्यास साधारण 777 मिलिमीटर निघतो. लोक लावतात 285/75 आर16, ज्याला सगळे 'तेहतिशी' म्हणतात. त्याचा व्यास 834. फरक 57 मिलिमीटरचा, पण आस वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे 28. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? हो, कारण डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून वर उचलायला दुसरा साधा मार्ग नाही. स्प्रिंग उंच केल्या, ज्याला 'लिफ्ट' म्हणतात, की गाडीचं अंग वर जातं. मागचा आस आणि त्याच्या मधला गोळा होता तिथेच राहतो. तो उचलतो फक्त टायर. शिवाय मोठ्या टायरमधली हवा कमी केली की तो जमिनीवर लांबट पसरतो आणि वाळूत, बर्फात रुतत नाही. आइसलँडमध्ये हे तंत्र फार पुढे गेलंय. तिथे हिमनद्यांवर 38 इंची टायर लावून जातात आणि मडगार्डं कापून वर फायबरग्लासचे रुंद पंख बसवतात. 2007 मध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर'ने ध्रुवाकडे नेलेल्या हायलक्स तिथल्याच आर्क्टिक ट्रक्सने तयार केल्या होत्या.

असो. आता मुद्द्याचं.

गाडी सपाट जागी उभी आहे, नवा टायर लावलाय, टायर आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जागा दिसतेय. माणूस म्हणतो, बसला! तो बसलेला नसतो. चाक दोन हालचाली करतं. स्टिअरिंगबरोबर वळतं आणि खड्ड्याबरोबर वर येतं. दगडावर एक चाक चढतं तेव्हा दोन्ही एकदम होतात. चाक पूर्ण वर दाबलेलं आणि पूर्ण वळलेलं असताना टायरचा जो कोपरा जिथे पोहोचतो, ती खरी जागा. चाकाभोवती एक मोठा अदृश्य डबा कल्पा, टायरच्या सगळ्या हालचाली मावतील एवढा. तुम्हाला जागा त्या डब्यासाठी करायची आहे, टायरसाठी नाही.

इथेच एक गैरसमज सगळ्यांना फसवतो. "मी दोन इंच लिफ्ट केलीय, आता टायर लागणार नाही." स्प्रिंग उंच केली की गाडी उभी असताना जागा वाढते, हे खरं. पण स्प्रिंग पूर्ण दबली की चाक पूर्वी जिथवर यायचं तिथवरच येतं. त्याला अडवणारा रबरी बंपस्टॉप तुम्ही बदललेला नसतो. म्हणजे घासणं थांबत नाही, फक्त उशिरा होतं. आणि उशिरा म्हणजे नेमकं डोंगरात, वेगात, गाडी आदळताना.

रिमचंही तसंच. रुंद दिसायला हवी म्हणून लोक ऑफसेट कमी असलेलं रिम घेतात. समजा ऑफसेट 30 वरून शून्यावर आणला. चाक 30 मिलिमीटर बाहेर येतं, आतल्या बाजूला मोकळं होतं, दिसतंही झोकात. पण आता ते वळताना मोठ्या वर्तुळात फिरतं आणि त्याचा मागचा कोपरा केबिनच्या दिशेने आणखी घुसतो. मूळ रिमवर जे काम हातोडीने झालं असतं, त्याला आता ग्राइंडर लागतो.

मग मोजायचं कसं? जॅक लावा, चासीखाली भक्कम घोड्या द्या. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, हे मी दोनदा सांगेन. पुढची कॉइल स्प्रिंग काढा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये हात तोडण्याएवढी ताकद असते, म्हणून हे काम जाणकाराकडून करून घ्या. स्प्रिंग नसली की चाक जॅकने हळूहळू वर ढकलता येतं, अगदी बंपस्टॉपला टेकेपर्यंत. तिथे स्टिअरिंग या टोकाला, त्या टोकाला. जिथे टायर जवळ येतोय असं वाटेल तिथे मातीचे गोळे चिकटवा. मी एकदा पुण्याहून नेलेली शाडूची माती वापरली होती. दाबलेला गोळा सोलून काढला की किती जागा उरली ते त्याची जाडीच सांगते. प्रत्यक्ष घासलं तर टायरवर आधी चोळलेला खडू पत्र्यावर उमटतो.

टॅकोमाला पुढे चार जागी लागतं. पहिली म्हणजे चाकाच्या वरचं प्लॅस्टिकचं अस्तर. ते हीट गनने मऊ करून मागे दाबावं, क्लिप बदलून बसवावं, उरलेलं कापावं. दुसरी बंपरच्या खालच्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिक. या दोन्हींबद्दल जास्त बोलत नाही, चुकलं तर नवा भाग विकत मिळतो. बाहेरचं पुढचं मडगार्डसुद्धा बोल्टवर असतं. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा. हे कातडं. कापा, पण कापलेली धार तशीच ठेवू नका. धार आत दुमडा किंवा रबरी पट्टी लावा, नाहीतर तीच टायरची बाजू चिरते. आणि उघड्या लोखंडावर त्याच दिवशी झिंक प्रायमर. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर उडाल्या तर तिथे रुतून बसतात, म्हणून काच ओल्या गोधडीने झाका.

तिसरी जागा चाकाच्या मागे, केबिनच्या पायाशी. तिथे दोन-तीन पत्रे एकत्र दाबून स्पॉट वेल्डिंग केलेली उभी पट्टी असते. ती कापायची नाही. वेल्डिंगचे टिकले त्या पट्टीतच आहेत, पट्टी गेली की पत्रे सुटतात. ती हातोडीने मागे आडवी पाडायची, आणि ठोकताना तडकलेलं सीलंट पुन्हा भरायचं.

चौथी जागा म्हणजे केबिन चासीवर जिथे रबरावर बसते तो पुढचा कंस. हे हाड. मोठ्या टायरसाठी याचा पुढचा कोपरा तिरका कापतात आणि वर जाड पट्टी वेल्ड करतात. मी हे करण्याआधी एक साधी गोष्ट करून बघा म्हणेन. व्हील अलाइनमेंटवाल्याकडून कॅस्टर वाढवून घ्या. खालचा आर्म किंचित पुढे सरकतो, त्याच्याबरोबर चाकही पुढे येतं. या कंसापाशी पाच-सात मिलिमीटर मिळाले तरी पुष्कळांचं काम भागतं. नाहीच भागलं तर काम सर्टिफिकेटवाल्या वेल्डरकडून, बॅटरी सोडून, जवळच्या वायरी आणि नळ्या बाजूला करून. कोपरा कापून वर नुसता रंग मारलेले कंस मी पाहिलेत. केबिन चासीला धरून ठेवणारा भाग आहे तो. अपघातात पहिला विचार त्याचा व्हायला हवा होता. जस्त चढवलेला पत्रा वेल्ड करताना पांढरा धूर निघतो, त्याने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जस्त घासून काढा, मास्क लावा.

आता माझी गोष्ट. टॅकोमाच्या आधी माझ्याकडे जुनी जीप चेरोकी होती, एक्सजे म्हणतात ती. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हीच चासी. मागचं मडगार्ड बोल्टवर नसतं. बाहेरचा पत्रा आणि आतला चाकाचा घुमट कडेला एकत्र वेल्ड केलेले असतात. ती कड कापली की दोन पत्र्यांमध्ये खोबण उघडी पडते. बरोबर पद्धत अशी की आतल्या पत्र्याला ठरावीक अंतरावर चिरा द्यायच्या, त्या जिभा वर दुमडून बाहेरच्या पत्र्याला भिडवायच्या आणि वेल्ड करून सगळीकडे सीलंट भरायचं. मी जिभा दुमडल्या, आणि वेल्डिंगऐवजी पुट्टी भरली. वरून काळा रंग. सुंदर दिसत होतं. फोटोही काढले.

त्या हिवाळ्यात रविवारी संध्याकाळी आम्ही बर्फातून डेन्व्हरला परतत होतो. आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे, सुमारे 3400 मीटर उंचीवर, वाहनांची रांग. इंजिन चालू, काचा बंद, हीटर चालू. मागे मुलगा म्हणाला, डोकं दुखतंय. बायको म्हणाली, उंचीमुळे असेल. मलाही तसंच वाटलं. मग तो झोपाळला. सायलेन्सरचा किंचित वास आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चारी काचा खाली केल्या, बाहेर उणे तापमान होतं, तरी तशाच ठेवून आलो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, आम्हाला आला तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा. मुलगा ठीक झाला. दुसऱ्या दिवशी पुट्टी खरवडली तर वाकाच्या जागी ती तडकलेली, आणि मागे बोट जाईल एवढी फट, थेट आत. पत्रा हलतो, पुट्टी हलत नाही, ती तडकणारच. हे मला कापायच्या आधी माहीत होतं. वेल्डिंग मशीन भाड्याने आणायचा कंटाळा केला होता, एवढंच.

तेव्हापासून एक परीक्षा ठेवलीय. रात्री गाडीत मोठी बॅटरी लावायची आणि बाहेरून चाकाच्या घुमटात डोकं घालून बघायचं. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर काम पुरं झालेलं नाही.

प्रश्न : टायर बदलल्याने बाकी काय बदलतं?

उत्तर : टॅकोमाच्या या मापांत घेर 7 टक्क्यांनी वाढतो. काटा 100 दाखवतो तेव्हा तुम्ही खरे 107 ने जात असता. ब्रेकलाही तेवढीच गाडी थांबवायला 7 टक्के जास्त पीळ लावावा लागतो, शिवाय टायर जड असतो तो वेगळाच. उतारावर जाणवतं.

प्रश्न : सर, माझ्याकडे थार आहे. इथे चालेल का हे?

उत्तर : मला वाटलंच होतं हा प्रश्न येणार. (हशा) मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्मात्याने मूळ दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. आणि विमा कंपनी अपघातानंतर गाडी तपासायला येते, आधी नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, पण टायरचा पट्टा मडगार्डाबाहेर उघडा दिसू नये, असं अनेक ठिकाणी आहे. मागच्याच्या काचेवर दगड उडतात म्हणून. थार रस्त्यावर चालवायची असेल तर कंपनीने तुमच्या गाडीसाठी दिलेल्या मापातच राहा, आणि टायरमधली हवा कमी-जास्त करायला शिका.

प्रश्न : आज पुन्हा टॅकोमा घेतलीत तर तेहतिशी लावाल?

उत्तर : नाही. 265/75 लावेन. व्यास 804, आस सव्वातेरा मिलिमीटर वर येतो, आणि बहुतेक वेळा प्लॅस्टिकचं अस्तर थोडं मागे ओढून भागतं. उरलेल्या पंधरा मिलिमीटरसाठी मी केबिनचा कंस कापला होता. ज्या दगडावर तेवढ्याने फरक पडला, असा एकही दगड मला आठवत नाही.