ताठर स्प्रिंगा, डळमळती गाडी

छत मागे सारून मोकळ्या हवेत गाडी चालविण्याची हौस अनेकांना असते. ‘कन्व्हर्टिबल’ ही त्याच हौसेची गाडी. ती दारात आली की काही मालकांच्या मनात दुसरी हौस डोकावते. वळणावर गाडी कलू नये, ती रस्त्याला चिकटून धावावी आणि दिसायलाही बुटकी, रुबाबदार असावी, म्हणून मूळ स्प्रिंगा काढून अधिक ताठर आणि आखूड स्प्रिंगा बसविल्या जातात. पैसे खर्च होतात. गाडी मात्र पूर्वीपेक्षा वाईट चालू लागते. स्टिअरिंग थरथरते, डॅशबोर्ड खडखडतो आणि खडबडीत वळणावर मागची चाके अकस्मात घसरतात. असे का व्हावे?

पहिले कारण छपरात, किंबहुना ते नसण्यात आहे. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. झाकण लावलेला पुठ्ठ्याचा खोका सहजी पिळला जात नाही. झाकण काढले की तोच खोका हातात पिळवटतो. छप्पर नसलेल्या गाडीचे नेमके हेच होते. उत्पादक दाराखालचा भाग व समोरच्या काचेची चौकट मजबूत करतात, तळाला जादा दांडे जोडतात; तरीही बंद गाडीइतका ताठरपणा क्वचितच साधतो.

अशा गाडीचा सांगाडा स्वतःच एका स्प्रिंगसारखा वागतो. खड्ड्याचा जो धक्का मऊ स्प्रिंगा पचवीत होत्या, तो आता थेट सांगाड्यात शिरतो आणि त्या कंपनावर शॉक अॅब्सॉर्बरचा ताबा नसतो. खराब रस्त्यावर चाके सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा थरथरतात. उघड्या गाडीच्या सांगाड्याचे कंपनही अनेकदा त्याच्याच आसपास असते. दोहोंचा ताल जुळला की डॅशबोर्ड, आरसा आणि स्टिअरिंग एकदमच हलू लागतात. याला ‘स्कटल शेक’ असे म्हणतात.

दुसरे कारण शॉक अॅब्सॉर्बरचे. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. ती जिरविण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बर करतो. स्प्रिंगचा ताठरपणा ५० टक्क्यांनी वाढविला, तर गाडीच्या वरखाली होण्याचा वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढतो आणि जुन्या शॉक अॅब्सॉर्बरचा लगाम तुलनेने सुमारे १८ टक्क्यांनी सैल पडतो. परिणामी गाडी एका उंचवट्यावरून गेल्यावर स्थिरावण्याऐवजी उसळत राहते.

तिसरे कारण सर्वांत धोक्याचे. गाडी खाली बसविली की चाकाला वर सरकण्यासाठी उरलेली जागा घटते. वळणात एखादा खड्डा आला की सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे ‘बम्प स्टॉप’वर आदळते. त्या क्षणी ताठरपणा एकाएकी कित्येक पटींनी वाढतो आणि टायरची पकड सुटते. मागच्या बाजूला असे झाले, तेही ओल्या रस्त्यावर, तर गाडी गर्रकन फिरू शकते.

ताठर म्हणजे चपळ, हे समीकरणच मुळात फसवे आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२ मध्ये आणलेली ‘एलान’ ही उघडी गाडी वळणांवरील चपळाईसाठी आजही वाखाणली जाते. तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या. ताठर होता तो पोलादी कण्यासारखा सांगाडा. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या माझ्दा ‘एमएक्स-५’नेही हलक्या, उघड्या गाड्यांचीच परंपरा पुढे नेली. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन असलेली ही गाडी वळणावर थोडी कलते. ते कलणे चालकाला पकडीचा अंदाज देते.

म्हणूनच उपायांचा क्रम महत्त्वाचा. आधी टायर व त्यांतील हवा, झिजलेले रबरी बुश आणि थकलेले शॉक अॅब्सॉर्बर तपासावेत. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. त्यानंतर सांगाड्याला बळकटी देणारे दांडे बसवावेत. स्प्रिंगा बदलायच्याच असतील, तर माफक ताठर आणि शॉक अॅब्सॉर्बरशी जुळणाऱ्या घ्याव्यात. पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचा समतोल बिघडू देऊ नये आणि गाडीची उंची फारशी कमी करू नये. बुशचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतानाच घट्ट करावेत. चाके लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

वळणावर गाडीला धरून ठेवतात ते रस्त्याला टेकलेले चार टायर. ते टेकलेले राहावेत एवढ्यासाठीच सस्पेन्शन असते. जी स्प्रिंग चाकाला उसळू देते, ती कितीही महाग असली तरी त्या गाडीसाठी चुकीचीच म्हणावी लागेल.