रिकामा कण

पहाटे ५.००

ससून डॉकवर बोटी लागलेल्या असतात आणि लिलावाचा आरडाओरडा टिपेला पोचलेला असतो. मी तडक कोळंबी सोलणाऱ्या बायकांकडे जाते. त्यांच्या बोटांचा वेग डोळ्यांना गाठता येत नाही. डोकं मोडलं, पाठीवरची साल सुटली, की गर टोपात आणि साल बाजूला. मला हवी असते ती साल. उजाडून ऊन चढलं की टरफलं कुजायला लागतात, म्हणून ती लगेच बर्फाच्या डब्यात भरते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा वाळवून ठेवलेल्या सालींवर भागवावं लागतं.

"ह्याच्यानं कॅन्सर बरा होतो का गं?" एका मावशींनी विचारलं.

"सालीत औषध नाही मावशी. औषध आत भरून न्यायला तिचा उपयोग होतो का, ते आम्ही बघतोय."

त्यांच्या दिराला तोंडाचा कॅन्सर झाला होता. मग थोडा वेळ त्या दिराबद्दलच बोलत राहिल्या. बोलताना हात थांबले नाहीत.

सकाळी ८.३०

प्रयोगशाळेत टरफलं धुऊन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसतात, कारण त्यांतलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असतं. त्यानंतर अल्कलीनं प्रथिनं काढायची. उरतं ते कायटिन. तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवल्यावर त्याचं कायटोसान होतं. हे एका दिवसात उरकणारं काम नाही, त्यामुळे आज वापरायची भुकटी आधीच तयार करून ठेवलेली असते.

सकाळी १०.००

दिवसातला मला सर्वांत आवडणारा तास हा. कायटोसान एक टक्का ॲसेटिक आम्लात विरघळलं की त्यावर धन भार येतो. दुसऱ्या बाजूला असतं फ्युकॉइडन. सरगॅसमसारख्या तपकिरी समुद्रशेवाळातून मिळणारी ही शर्करा सल्फेटमुळे ऋण भाराची असते. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध रंगानं लाल, त्याचा भार धन. आधी औषध आणि फ्युकॉइडन एकत्र करते; ती दोघं एकमेकांना धरतात. मग चुंबकी ढवळणीवर भांडं ठेवून कायटोसान थेंबाथेंबानं सोडते. थोडा वेळ काहीच घडत नाही. एका क्षणी मात्र द्रावण धुरकट होतं, उजेडात धरलं तर कडेला निळसर झाक दिसते. कण बांधले गेले, याची ती खूण.

सगळी मेख प्रमाणात आहे. दोन्ही भार सारखे झाले की कण एकमेकांना चिकटतात आणि तळाशी गाळ बसतो. कायटोसान जास्त झालं तर कणाचा पृष्ठभाग धन, फ्युकॉइडन जास्त झालं तर ऋण. मोजणी यंत्रात लेसर सोडून कणांचं थरथरणं टिपतात आणि त्यावरून आकार काढतात. आम्हाला शंभर ते दोनशे नॅनोमीटरच्या दरम्यानचे कण हवेत. फार लहान कण मूत्रपिंडातून निघून जातात, फार मोठे प्लीहा आणि यकृत गाळून घेतात.

फ्युकॉइडनवर आमचा भर असण्याला कारण आहे. पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन बऱ्याच गाठींच्या रक्तवाहिन्यांवर असतं आणि फ्युकॉइडन त्याला चिकटतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या संशोधकांनी 2016 साली उंदरांवर हे दाखवलं.

दुपारी १.००

जेवताना नव्या विद्यार्थिनीनं विचारलं, समुद्रातलं काही खरंच रुग्णापर्यंत पोचलंय का? पोचलंय. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजमध्ये वर्नर बर्गमन यांना 1950च्या सुमारास वेगळीच न्यूक्लिओसाइडं सापडली. त्यांच्या धर्तीवर सायटाराबिन बनलं आणि 1969 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. 2017 साली हेच सायटाराबिन डॉनोरुबिसिनसोबत मेदाच्या सूक्ष्म कणांत भरून बाजारात आलं. साठी ओलांडलेल्या, अवघड प्रकारच्या ल्युकेमियाच्या रुग्णांच्या चाचणीत जगण्याचा मध्यक सुमारे सहा महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेला. दोन्ही औषधं जुनीच होती. बदललं ते त्यांना नेण्याचं साधन. साडेतीन महिने कमी वाटतात का, असं मी तिला विचारलं. ती काही बोलली नाही. मला ते मुळीच कमी वाटत नाहीत.

दुपारी २.००

आता पेशी. 96 खळग्यांच्या ताटलीत परवा औषध घातलं होतं. काही ओळींत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, काहींत उंदराच्या हृदयातून आलेल्या. डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं, म्हणून त्या हव्यातच. प्रत्येक खळग्यात पिवळा रंग घालायचा आणि तीन-चार तास थांबायचं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. मेलेल्या पेशींच्या खळग्यात पिवळेपणा तसाच राहतो.

मी सर्वांत आधी पाहते त्या रिकाम्या कणांच्या ओळी. या कणांत औषध नसतं. धन भाराच्या कणांनी त्या ओळींतल्या कॅन्सरच्या पेशीही मारल्या होत्या आणि हृदयाच्या पेशीही वाचल्या नव्हत्या. पेशीचं आवरण ऋण भाराचं असतं. फार धन भाराचा कण त्याला चिकटून ते फाडतो. त्या कणात औषध भरून आकडे काढले असते तर कॅन्सरच्या पेशी धडाधड मेलेल्या दिसल्या असत्या आणि आलेख देखणा झाला असता. पण तेवढं तर फिनाइलही करेल. ऋण भाराच्या रिकाम्या कणांच्या ओळी मात्र गडद जांभळ्या होत्या. पुढे न्यायचे ते हेच कण, मग त्यांचा मारा थोडा सौम्य दिसला तरी चालेल.

रिकाम्या कणाची ओळ न लावता छापलेले निबंध वाचले की मला राग येतो. त्या मथळ्यांवर कोणीतरी आशा बांधून बसलेलं असतं.

संध्याकाळी ६.००

साप्ताहिक बैठक. टोरांटोच्या संशोधकांनी 2016 साली दहा वर्षांचे प्रयोग पडताळले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचा मध्यक 0.7 टक्के निघाला. हे सगळे प्रयोग प्राण्यांवरचे. आमच्या फळ्यावर हा आकडा कायमचा लिहिलेला आहे. पुढच्या टप्प्यात कण रक्तद्रवात ठेवून बघायचे ठरले. रक्तातली प्रथिनं त्यांच्यावर थर चढवतात आणि फ्युकॉइडन झाकलं गेलं तर गाठ ओळखणार कोण?

रात्री ८.३०

आत्याचा फोन. "अगं, कोळंबीच्या सालीच्या कॅप्सूल मिळतात म्हणे. तुझं काम त्याच्यावरच आहे ना? यांना देऊ का?"

"नको आत्या. ते वजन कमी करायचं म्हणून विकतात. पोटात गेलेलं कायटोसान रक्तात जवळजवळ जातच नाही, बहुतेक आतड्यातूनच बाहेर पडतं. गाठीपर्यंत पोचायचा प्रश्नच नाही. माझं काम अजून ताटलीतल्या पेशींवर चाललंय, ते काकांच्या उपयोगाचं नाही."

ती गप्प झाली, तेव्हा मी पुढच्या केमोची तारीख विचारली. गुरुवारी आहे.

"आधी रक्त तपासून घ्या, पांढऱ्या पेशी किती आहेत ते कळेल. आणि काकांना ताप आला, अगदी रात्री आला तरी, अंगावर काढू नका. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. नंबर फ्रिजवर लावलाय का?"

"लावते आत्ता," ती म्हणाली.