दूर राहून जवळून पाहावे : पक्षिनिरीक्षणासाठी लहान दुर्बिणीची निवड

कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यामुळे अवजाराची पारख परंपरेने लाभलेली आहे. 1897 साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाईट रेल्वे येथूनच बार्शीकडे धावू लागली. तिच्या रुळांतील अंतर अवघे अडीच फूट होते. प्रत्येक आसावरील भार मर्यादित ठेवल्यामुळे हलके रूळ पुरले आणि खर्चही आटोक्यात राहिला. कामाला पुरेल एवढेच, पण नेमके साधन असावे, हा त्या रेल्वेमागचा विचार होता. पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण निवडतानाही हाच विचार उपयोगी पडतो.

हे मला उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन रेल्वेने भिगवणला गेलो होतो. भीमेवरील उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय तेथे उथळ होतो आणि त्या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. बरोबर एक स्वस्त दुर्बीण होती. तिच्या खोक्यावर ‘साठपट’ असे ठळक छापलेले होते आणि त्या आकड्यावर भुलूनच मी ती घेतली होती. मुले रांगेत उभी राहिली. एका मुलाने डोळा लावला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “दिसलं, सर.” त्याच्यानंतर मी पाहिले, तर थरथरणाऱ्या धुरकट डागापलीकडे काहीच नव्हते. सरांना वाईट वाटू नये म्हणून तो मुलगा तसे म्हणाला होता. त्या दिवसापासून दुर्बिणीचा अभ्यास करणे मला कर्तव्य वाटू लागले.

पक्षिनिरीक्षकाच्या गळ्यात असते ती दोन डोळ्यांची दुर्बीण आठ किंवा दहा पट मोठे दाखवते. झाडावरच्या पक्ष्याला ती पुरते. विस्तीर्ण जलाशयाच्या मध्यभागी असलेल्या पक्ष्यासाठी मात्र एका डोळ्याने पाहायची, ट्रायपॉडवर बसवायची दुर्बीण लागते. तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. तीसपट दाखवणाऱ्या स्कोपमधून तीनशे मीटरवरचा पक्षी दहा मीटरवर असल्यासारखा भासतो.

स्कोपवर ‘20-60×65’ असे आकडे असतात. पहिले दोन आकडे किती पट मोठे दिसेल ते सांगतात. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. ग्राहकाचे लक्ष पहिल्या आकड्यांकडे जाते, परंतु गुणवत्तेची किल्ली शेवटच्या आकड्यात आहे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. 65 मिलिमीटरच्या भिंगातून वीसपट पाहिले तर हा झोत सव्वातीन मिलिमीटरचा असतो. साठपट पाहिले तर जेमतेम एक मिलिमीटरचा. दिवसा आपली बाहुली साधारण दोन ते तीन मिलिमीटर उघडी असते. झोत त्याहून फार बारीक झाला की चित्र मोठे दिसते, पण अंधारते. हा हिशेब आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल.

दुसरा अडथळा आपल्या मुलखाच्या उन्हाचा. जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरू लागते आणि स्कोप ही थरथरही तितकीच मोठी करून दाखवतो. कितीही महागडे भिंग घेतले तरी दुपारी हा दोष जात नाही. म्हणून सकाळी लवकर किंवा सायंकाळी पाहावे आणि पट वीस-तीसच्या आसपास ठेवावी.

हे ध्यानात घेतले की प्रवासासाठी 50 ते 65 मिलिमीटर व्यासाचा लहान स्कोप योग्य ठरतो. या लहान वर्गात कोवाचा टीएसएन-501 (20-40×50), सेलेस्ट्रॉनचा हमिंगबर्ड (9-27×56) आणि ऑप्टिक्रॉनचा एमएम-4 (50 मिलिमीटर) ही नावे पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाची आहेत. असा स्कोप साधारण अर्धा किलोचा असतो. भाकरीच्या डब्याशेजारी पिशवीत सहज मावतो. त्याच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. 65 मिलिमीटरचे भिंग 50 मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे 1.7 पट अधिक प्रकाश घेते, त्यामुळे तिन्हीसांजेला लहान स्कोप लवकर हार मानतो. मात्र जड म्हणून घरी राहिलेल्या मोठ्या स्कोपपेक्षा बरोबर नेलेला लहान स्कोप केव्हाही श्रेष्ठ.

मागची नेत्रिका सरळ असावी की वाकडी, हा पुढचा प्रश्न. सरळ नेत्रिकेने नेम चटकन साधतो. वाकड्या नेत्रिकेत वरून वाकून पाहावे लागते आणि आरंभी पक्षी सापडायला वेळ लागतो. तरीही शाळेसाठी वाकडीच घ्यावी. ट्रायपॉड ठेंगणा ठेवता येतो, म्हणून तो वाऱ्यात कमी हलतो. पाचवीतला मुलगा आणि उंच शिक्षक दोघेही उंची न बदलता पाहू शकतात. चष्मा लावणारी मुले असतील तर नेत्रिकेपासून किमान पंधरा मिलिमीटर अंतरावरून पूर्ण चित्र दिसते ना, हे तपासावे.

खरेदीचा सर्व पैसा स्कोपवरच संपवू नये. काही भाग ट्रायपॉडसाठी राखून ठेवावा. डळमळत्या पायांवर उत्तम भिंगही वाया जाते. ट्रायपॉड हलका असेल तर त्याच्या मध्यभागी दगड भरलेली पिशवी टांगावी.

दुकानात काचेच्या कपाटासमोर स्कोप पारखता येत नाही. तो दाराबाहेर न्यावा. दूरच्या पाटीवरील बारीक अक्षरे वाचावीत. चित्र मधोमध स्पष्ट असून कडेला फार विस्कटते का, ते पाहावे. मग आकाशाच्या पार्श्वभूमीवरील विजेची तार पाहावी. तारेच्या कडेला जांभळी किंवा हिरवी रेघ दिसली तर भिंग रंग नीट जुळवत नाही असे समजावे. ‘ईडी’ काचेच्या भिंगात हा दोष कमी असतो, पण ती महाग असते. शेवटी सर्वाधिक पट लावून पुन्हा तीच अक्षरे वाचावीत. ती मोठी दिसली पण वाचता आली नाहीत, तर तेवढी पट फक्त खोक्यावरची आहे.

काही नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावेत. स्कोप सूर्याकडे कधीही वळवू नये; डोळा कायमचा जाऊ शकतो. भिंगावरची धूळ सदऱ्याच्या टोकाने पुसू नये; आधी फुंकणीने उडवावी, कारण मातीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून स्कोप ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा. आणि रांग मोठी असेल तर नेत्रिकेवर मोबाईलचा कॅमेरा धरावा. पडद्यावरचे चित्र अनेकांना एकदम दिसते.

स्कोपचा खरा मोठेपणा याहून वेगळा आहे. छायाचित्रासाठी होडी थव्यात घातली की रोहित उडतात आणि त्यांचे चरणे मोडते. आपल्याच जिल्ह्यातील नान्नज येथे 1979 साली माळढोक अभयारण्य झाले. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. तिला उठवणारे एक पाऊलही महागात पडते. आज हा पक्षी अत्यंत दुर्मीळ झाला आहे. स्कोप असला की आपल्याला पुढे जावे लागत नाही. पक्ष्याच्या पायातील खुणेच्या कड्यावरची अक्षरेही त्याला न पकडता वाचता येतात. जवळून पाहण्याची ओढ आणि दूर राहण्याची मर्यादा, दोन्ही एका नळीत साधतात.

दिसलेला पक्षी ओळखायला सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब, गुलाबी पिसांचा चित्रबलाक, लांब पायांचा शेकाट्या ही नावे मुलांच्या ओठी बसली पाहिजेत.

शाळेला एकच स्कोप घेता येत असेल, तर तो सर्वांत मोठ्या आकड्याचा नको. रांगेतील शेवटच्या मुलालाही पक्ष्याचा डोळा स्पष्ट दिसेल, असा हवा. मग कोणाला मन राखण्यासाठी ‘दिसलं’ म्हणावे लागणार नाही.