लेप्टोचा ताप उतरतो, मग डोळा का लाल होतो?



लेप्टोचा ताप म्हणजे काय, हे सुरत जिल्ह्यातील भातशेती करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. नव्वदीच्या दशकापासून सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात दर पावसाळ्यात तो येतो, आणि रोपणीच्या चिखलात व उसाच्या सरीत अनवाणी उभे राहणाऱ्यांनाच बहुतेक गाठतो. पण या तापाचे एक मूळ डोळ्यापर्यंत जाते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. ताप श्रावणात येऊन गेलेला असतो आणि डोळा लाल होतो दिवाळीच्या सुमारास. मध्ये दोन-तीन महिने लोटल्यामुळे दोहोंचा संबंध कोणी जोडत नाही. डोळे आले असतील, उन्हाने झाले असेल, असे म्हणून दुकानातून थेंब आणले जातात.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळ असलेला बारीक जंतू उंदीर, घुशी, गाई-म्हशी, डुकरे व कुत्री यांच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीवाटे साचलेल्या पाण्यात उतरतो. टाचेच्या भेगेतून, कोयत्याच्या ओरखड्यातून, किंवा डोळ्यात उडालेल्या चिखलाच्या पाण्यातून तो माणसाच्या अंगात शिरतो. जर्मनीतील डॉक्टर अ‍ॅडॉल्फ वाइल यांनी 1886 साली या तापाच्या गंभीर प्रकाराचे वर्णन केले, तेव्हाच डोळ्याच्या दुखण्याचीही नोंद केली होती. म्हणजे ही माहिती नवी नाही, आपल्यापर्यंत पोचायला तिला उशीर झाला इतकेच.

आता हे होते कसे? अंगात जंतू शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी धावून जातात. आठवड्याभरात त्या जंतूवर नेमके जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्ये तयार होऊ लागतात व रक्त स्वच्छ होते. मात्र डोळ्याची व्यवस्था निराळी आहे. शरीराच्या या फौजेला डोळ्यात मोकळा प्रवेश नाही. कारण उघड आहे. बोट सुजले तर दोन दिवस काम अडते. पण डोळ्याच्या मागचा पडदा, ज्यावर चित्र उमटते, तो जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असून मेंदूचाच फाटा आहे. तिथल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून रक्तवाहिन्या आणि पडदा यांच्यामध्ये निर्मात्याने घट्ट बांध घातला आहे.

हाच बांध जंतूच्या पथ्यावर पडतो. रक्तातून हाकललेले काही जंतू डोळ्यात आसरा घेतात, आणि पुढे फौजेला त्यांचा सुगावा लागला की लढाई डोळ्यातच जुंपते. रानडुक्कर शेतात शिरले म्हणजे त्याच्यामागे धावणारे राखणदारही उभे पीक तुडवतात, तसे इथे घडते. पडद्याच्या शिरा सुजतात व पाझरतात, आतील काचेसारखा स्वच्छ द्रव गढूळ होतो, दृष्टीची नस जिथून निघते ती जागा लाल होते. पुढच्या भागात पांढऱ्या पेशींचा थर तळाशी साचलेला कधी कधी दिसतो. नासाडी जंतूपेक्षा आपल्याच प्रतिकारशक्तीने अधिक केलेली असते.

याचा मोठा पुरावा आपल्या देशातच मिळाला. 1993 च्या अखेरीस तामिळनाडूत मदुराईच्या भागात अतिवृष्टी व पूर झाला. 1994 मध्ये तेथील अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्याच्या आतील सुजेचे रुग्ण अचानक वाढले. डॉक्टरांनी मागोवा घेतला तेव्हा सत्तरहून अधिक रुग्णांच्या दुखण्याचे मूळ लेप्टोत सापडले. पुराचे पाणी केव्हाच ओसरले होते. सुरतेने 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर पाहिला आहे, तेव्हा पूर आणि उंदीर यांचे नाते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक पुरावा घोड्यांनी दिला आहे. घोड्यांचे डोळे वारंवार सुजून आंधळे होण्याचा रोग पूर्वीपासून माहीत आहे. चंद्राच्या कलांप्रमाणे तो येतो-जातो, अशी युरोपात समजूत होती व नावही चंद्रावरूनच पडले. या रोगाच्या अनेक घोड्यांत मूळ कारण लेप्टोच निघाले. या जंतूच्या अंगावरील काही प्रथिने घोड्याच्या डोळ्यातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये डोळ्यालाही जाऊन चिकटतात. राखणदाराला चोर आणि घरधनी यांतला फरक कळेनासा होतो. म्हणून घोड्यात सूज एकदा विझली तरी पुन्हा पेटते. माणसाचे बरे आहे. वेळेवर उपचार झाले तर लेप्टोने बिघडलेली नजर पुष्कळांची चांगली परत येते, आणि मोतीबिंदू धरलाच तर शस्त्रक्रिया करता येते. वेळेवर हा शब्द मात्र विसरू नका.

साधे डोळे आले तर चिपडे येतात, पापण्या चिकटतात, बहुधा दोन्ही डोळे धरतात, पण पुसल्यावर नीट दिसते. आतील सुजेत चिपडे येत नाहीत. बुबुळाभोवती लाली असते, उजेड सहन होत नाही, डोळा ठणकतो आणि अंधुक दिसते. सूज फक्त मागे असेल तर दुखतही नाही, कारण पडद्याला वेदना नाही. तेव्हा डोळ्यांपुढे माश्या किंवा जाळी तरंगल्यासारखी वाटते आणि माणूस चष्म्याचा नंबर वाढला असे समजून गप्प बसतो.

उपचारात फौजेला आवरावे लागते. त्यासाठी स्टिरॉइडचे थेंब आणि बाहुली मोठी करणारे थेंब देतात, म्हणजे बाहुलीच्या कडा मागच्या भिंगाला चिकटत नाहीत. इथेच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ऊस तोडताना पाते लागले, मळणीत तूस उडाले, तरीही डोळा लालच होतो. त्या जखमेत बुरशी रुजलेली असू शकते. तिथे स्टिरॉइड घातले तर प्रतिकारशक्ती झोपते आणि बुरशी बुबुळ खाऊन टाकते. एकाची नजर वाचवणारी बाटली दुसऱ्याची नजर घालवते, आणि दोन्ही डोळे आरशात सारखेच लाल दिसतात! शेजाऱ्याची उरलेली बाटली, मग ती कितीही प्रेमाने दिलेली असो, घेऊ नका. योग्य रोगातही हे थेंब महिनोन्‌महिने आपल्या मनाने घातले तर डोळ्यातील दाब वाढतो व मोतीबिंदू होतो. मध, कांद्याचा रस, अंगावरचे दूध हेही नको. तोबीताच्या पुस्तकात माशाच्या पित्ताने डोळे उघडले हे खरे, पण तिथे वैद्य म्हणून देवदूत राफाएल हजर होता.

कोयता उसळून किंवा काटा आत घुसून डोळा फुटला, तर आणखी एक धोका असतो. फ्रान्समधील लुई ब्रेल हा खोगीर-लगाम करणाऱ्याचा मुलगा. 1812 साली, तीन वर्षांचा असताना, वडिलांची आरी त्याच्या एका डोळ्यात घुसली. पुढे दुसराही डोळा सुजला आणि पाचव्या वर्षापर्यंत तो पूर्ण आंधळा झाला. अंधांची ठिपक्यांची लिपी त्यानेच पुढे दिली. डोळा फुटल्यावर बांधाआड लपलेली प्रथिने फौजेला प्रथमच दिसतात, ती त्यांना परकी समजते व धडधाकट डोळ्यावरही चालून जाते. ब्रेलचे असेच झाले असावे, असे पुष्कळ नेत्रतज्ज्ञ मानतात. हे क्वचित घडते. तरी फुटलेला डोळा त्याच दिवशी डॉक्टरांकडून शिवून घ्यावा, आणि पुढील काही महिन्यांत चांगला डोळा अंधुक झाला तर एक दिवसही थांबू नये.

गमबूट घालून रोपणी करा, असे पत्रकात छापणे सोपे आहे. चिखलात बूट रुतून बसतो हे मीही पाहतो. निदान गोठा साफ करताना व पाणी धरताना ते घालावेत. भेगा आणि जखमा पट्टीने झाकून मग चिखलात उतरावे, आणि संध्याकाळी पाय चारीत न धुता विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्याने साबण लावून धुवावेत. जोखमीच्या दिवसांत आरोग्य खाते दक्षिण गुजरातेत डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटत आले आहे. आठवड्याला एकदाच घ्यायच्या असतात, म्हणून पुष्कळजण विसरतात. रविवारी मिस्साहून परतल्यावर जेवून घ्यायची, असे ठरवले तर विसर पडणार नाही. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी मात्र ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

ज्यांना लेप्टो होऊन गेला आहे त्यांनी दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. वर्षभरात डोळा लाल झाला, अंधुक दिसले किंवा माश्या तरंगल्या, तर ते कागद घेऊन सुरतच्या नवीन सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या नेत्रविभागात जावे आणि ‘मला पावसाळ्यात लेप्टो झाला होता’ हे वाक्य डॉक्टरांनी विचारण्याआधी स्वतः सांगावे. ऊसतोडीसाठी धुळे-नंदुरबारकडून येणाऱ्या आपल्या माणसांनाही हे कळवा. त्यांचा ताप एका जिल्ह्यात येतो आणि डोळा दुसऱ्याच जिल्ह्यात बिघडतो.