अस्तराची बाजू

२००३ साली मुंबईच्या चोरबाजारातून मी पहिला लाल लष्करी कोट घेतला. विकणारा म्हणाला, ‘१८५७चा माल’. पितळी बटणांची झळाळी बघून मी पैसे मोजले. पुढे वाचनातून कळलं, की त्या काळी ब्रिटिश शिपायाच्या बटणावर पलटणीचा क्रमांक असे. साध्या शिपायांना सरसकट राजचिन्हाची बटणं आली १८७१मध्ये. माझ्या कोटावर राजचिन्हच होतं! एका रात्री अतिनील दिवा धरला, तर शिवणीचा दोरा निळसर उजळला. साबणाच्या पावडरीनेही कापड असं उजळतं, पण शेजारचं अस्तर काळोखातच होतं. म्हणजे उजळवणारं द्रव्य दोऱ्यातच होतं, आणि असा दोरा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. कोट नाटकासाठी नाहीतर बँडपथकासाठी शिवला असावा.

नंतरची काही वर्षं बटणांतच गेली. राणी व्हिक्टोरियाचा मुकुट वेगळा, १९०१नंतरच्या राजांचा वेगळा, १९५३पासूनचा आणखी वेगळा. पण बटणं बदलता येतात. खरं बोलतं ते अस्तर, हे हात बसल्यावरच उमगलं.

ते पुरतं पटलं सातारा जिल्ह्यातल्या एका घरात. आजोबांचं बॅटलड्रेसचं आखूड लोकरी जॅकेट ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. युद्धातल्या काटकसरीचा नमुना: खिशांना चुण्या नाहीत, बटणं उघडी. कॉलरची आतली कड घामाने काळवंडलेली, आत १९४३चा शिक्का. डाव्या कोपरावर घरच्या जाड दोऱ्याने केलेलं रफू. दोन्ही दंडांवर मात्र एकेक चौकोन उरलेल्या कापडापेक्षा गडद, कडेने सुईची भोकं. तिथलं चिन्ह कधीतरी उसवलं होतं. त्याखालचं कापड उन्हाला लागलंच नव्हतं. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे आजोबा इटलीत आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होते. तिचं चिन्ह म्हणजे लाल चौकोनावर तीन पिवळी क्लोव्हरफुलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५च्या सेनिओ नदीकाठच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेही याच डिव्हिजनमधले. नुसत्या चौकोनावरून डिव्हिजन सिद्ध होत नाही. पण घरची हकिकत, शिक्का आणि चौकोन एकमेकांना धरून होते.

नातू जॅकेट ड्रायक्लीनला देऊन नवं चिन्ह शिवणार होता. मी हात जोडून थांबवलं. बाजारात असे ‘पूर्ण’ केलेले कोट जास्त भावाने जातात, याचं मला फार वाईट वाटतं. एका नव्या चिन्हाखाली जुनी भोकं कायमची बुजतात. याउलट, इंग्लंडमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा ट्राफल्गरच्या लढाईतला कोट आहे. १८०५मध्ये डाव्या खांद्याशी गोळीने पाडलेलं भोक तिथे तसंच ठेवलंय.

साताऱ्याचं जॅकेट मी विकत घेतलं नाही. घडीच्या रेषेवर कापड तुटतं, म्हणून घडी मोडून त्यात धुतलेली जुनी मलमल भरली, बाह्या सैल ठेवल्या. कसरीसाठी दर पावसाळ्यानंतर कॉलरखाली आणि शिवणींत बघायचं, एवढं नातवाला दाखवून ठेवलं.