अक्षरांच्या आधीचे वाचन

लहान मुलासाठी पुस्तक घेताना मोठी माणसे मजकूर वाचून पाहतात. मूल मात्र चित्र वाचते. पुस्तकाची निवड करताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ चुका टळतात.

मूल वाचायला केव्हा लागते, या प्रश्नाला बहुतेक घरांत 'पहिलीत गेल्यावर' असे उत्तर मिळते. वाचन म्हणजे अक्षरओळख, अशी समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात दीड-दोन वर्षांचे मूल चित्रातील मांजराकडे बोट दाखवून 'माऊ' म्हणते, तेव्हाच त्याने वाचनाची पहिली पायरी ओलांडलेली असते. कागदावरची खूण ही समोर नसलेल्या वस्तूबद्दल काही सांगते, हे त्याला उमगलेले असते. पुढे 'मां', 'ज', 'र' ही अक्षरे शिकताना त्याला याच जाणिवेचा आधार मिळतो. ज्या मुलाला हा आधार मिळाला नाही, त्याच्या हाती पडणारे पहिले पुस्तक पाठ्यपुस्तक असते. पुस्तक म्हटले की चूक की बरोबर, एवढीच त्याची धास्ती त्या मुलाच्या मनात बसते.

पनवेलहून माथेरानच्या डोंगररांगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव लागते. कुष्ठरोग निवारण समितीच्या 'शांतिवन'मुळे मुंबई-पुण्याच्या अनेकांना ते नावाने ठाऊक आहे. गाढी नदी, पावसाळ्यातील भातखाचरे, पुढे गाढेश्वरचा जलाशय आणि डोंगराच्या पायथ्याशी ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, असा हा परिसर. दुसऱ्या बाजूने नवीन पनवेलच्या इमारती सरकत सरकत जवळ आल्या आहेत. अशा भागातील अंगणवाडीच्या एकाच सतरंजीवर घरी आगरी बोलणारे मूल, कातकरी बोलणारे मूल आणि नोकरीनिमित्त आलेल्या हिंदीभाषक कुटुंबातील मूल शेजारी शेजारी बसू शकते. प्रमाण मराठीतील मजकूर यांपैकी कोणाच्याच घरचा नसतो. कोंबडीचे चित्र मात्र तिघांनाही वाचता येते. प्रत्येक जण तिला आपापल्या शब्दाने हाक मारील आणि बाई त्यात मराठीतला शब्द मिळवतील. भाषेची सुरुवात 'तुला येत नाही' या वाक्याने न होता 'तुझ्याकडे काय म्हणतात?' या प्रश्नाने होईल. लहान मुलांच्या चित्रपुस्तकाचे मोल येथे कळते.

शहरातील घरांत अडचण वेगळी आहे, पण इलाज तोच आहे. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांपैकी अनेकांना मराठी बोलता येते, वाचण्याचा मात्र कंटाळा येतो. लिपीची भीती बसण्याआधी, आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलेली मराठी चित्रपुस्तके हा त्यांच्यासाठी मराठी वाचनाचा सर्वांत सोपा दरवाजा आहे. हे वय निसटले की तो उघडणे कठीण होत जाते.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक

मराठीत बालसाहित्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये निघाले, तर वा. गो. आपटे यांचे 'आनंद' १९०६ मध्ये. 'चांदोबा'च्या चित्रांवर कित्येक पिढ्या वाढल्या. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. परंतु हा सारा ठेवा मुख्यतः वाचता येणाऱ्या मुलांसाठी होता. त्यात गोष्ट शब्दांत सांगितलेली असे आणि चित्र तिची शोभा वाढवीत असे. अशा पुस्तकाला सचित्र पुस्तक म्हणावे. त्यातील चित्रे झाकली तरी गोष्ट पूर्ण कळते.

चित्रपुस्तकाचे तसे नसते. त्यात चित्र आणि शब्द कामाची वाटणी करून घेतात. इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचे १९६८ मधील 'रोझीज वॉक' हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. रोझी नावाची कोंबडी अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून फिरून घरी परत येते, एवढेच त्यातील शब्द सांगतात. चित्रांत तिच्या मागावर असलेला कोल्हा दिसतो. त्याचा प्रत्येक डाव फसतो आणि कोंबडीला त्याचा पत्ताही लागत नाही. मजकुरात कोल्ह्याचे नावही नाही. ज्याला अक्षर येत नाही त्या मुलाला तो आधी दिसतो आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाला ते ओरडून सांगते. मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक ठाऊक असण्याची अशी संधी दुसरे कोणते पुस्तक देणार?

चित्रांतून शिकवण्याचा विचार तसा फार जुना आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये लाकडी ठशांची सुमारे दीडशे चित्रे असलेले पुस्तक मुलांसाठी काढले होते. त्यात चित्र माहिती देण्यासाठी होते. चित्राने गोष्टही सांगता येते, हे मात्र पुढे यायला बराच काळ जावा लागला.

आरसा आणि खिडकी

बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये एक उपमा दिली. पुस्तक मुलासाठी आरसा असते आणि खिडकीही असते. आरशात त्याला स्वतःचे जग दिसते, खिडकीतून दुसऱ्यांचे. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या अनेक पुस्तकांत मराठी मुलाला आरसा जवळजवळ मिळत नाही. घर म्हणजे लाल छपराचे आणि धुराडे असलेले घर, आजी म्हणजे डोलखुर्चीत बसून लोकर विणणारी बाई, थंडी म्हणजे बर्फाचा बाहुला. नेऱ्याच्या मुलाने करवंदाची जाळी पाहिलेली असते, लावणीच्या दिवसांत चिखलात पाय रुतवलेले असतात, आणि पनवेलच्या फ्लॅटमधील मुलाने पाण्याचा टँकर, लिफ्ट आणि गच्चीवरची वाळवणे पाहिलेली असतात. यातले काहीच पुस्तकात येत नसेल, तर आपले जगणे पुस्तकात घालण्याजोगे नाही असा त्याचा समज होतो.

ही गोष्ट महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखली होती. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेले. तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तू त्यांनी शिकवण्यासाठी वापरल्या. चित्रपुस्तकालाही हाच न्याय लागू पडतो. चेन्नईच्या तारा बुक्सचे 'डू!' हे पुस्तक वारली चित्रकारांनी रेखाटले आहे. त्यात नाचणे, चालणे, काम करणे अशा क्रियाच चित्ररूपाने येतात.

तरीही केवळ आरसा पुरत नाही. अमेरिकेतील एरिक कार्ल यांच्या १९६९ मधील 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर'मधली अळी केक आणि आईस्क्रीमही फस्त करते. लिंबाच्या पानांवरची अळी ज्याने पाहिली आहे, त्या मुलाला तिची भूक कळायला परक्या खाऊची अडचण येत नाही. घरातल्या पुस्तकांत निम्मी आरशाची आणि निम्मी खिडकीची असावीत, हे साधे प्रमाण बरे.

कोणत्या वयाला काय?

दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तके द्यावीत. ती तोंडात जाणार, फेकली जाणार हे गृहीत धरावे. एका पानावर एकच वस्तू, मागे मोकळी जागा आणि ठसठशीत आकार असावा. या वयासाठी घरी केलेले पुस्तकही उत्तम ठरते. आई, आजोबा, घरचे मांजर, पाण्याचा तांब्या, दारातले झाड यांची छायाचित्रे पुठ्ठ्यांवर चिकटवून दोऱ्याने बांधली की झाले.

दोन ते चार या वयात पुन्हा पुन्हा येणारे वाक्य, ओळखीची माणसे आणि छोटेसे प्रसंग मुलांना आवडतात. मराठीत येथे पहिले नाव घ्यावे लागते ते माधुरी पुरंदरे यांचे. त्या लेखिका आणि चित्रकार दोन्ही असल्याने त्यांच्या पुस्तकांत शब्द आणि चित्र एकाच घरात वाढल्यासारखे वाटतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या 'राधाचं घर' या मालिकेत एका लहान मुलीच्या घरातील माणसे भेटतात. २०१४ मध्ये पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

चार ते सहा वर्षांच्या मुलांना रुसवा, भीती, कंटाळा, दुखणे अशा भावनांच्या गोष्टी हव्या असतात. पुरंदरे यांचीच 'यश' ही मालिका येथे उपयोगी पडते. त्यांचे 'चित्रवाचन' हे पुस्तक तर शब्दांवाचून चालते. माणसांनी गजबजलेल्या मोठ्या चित्रांत मुलाने स्वतःच गोष्टी शोधायच्या असतात. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेली मिकी पटेल यांची 'रूपा हत्ती' ही आपल्या राखाडी रंगाला कंटाळलेल्या हत्तिणीची गोष्टही या वयाची आहे. तूलिकासारख्या भारतीय प्रकाशकांची मराठीसह अनेक भाषांत निघणारी पुस्तकेही पाहावीत.

सहा ते आठ वर्षांची मुले स्वतः वाचू लागतात. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी एक ते चार अशी छापलेली असते. पहिल्या पातळीत शब्द अगदी थोडे असतात आणि पुढे मजकूर वाढत जातो. या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावरील गोष्टी विनामूल्य वाचता येतात, छापून घेता येतात आणि मूळ कर्त्यांचा उल्लेख करून भाषांतरितही करता येतात. एखाद्या अंगणवाडीताईने किंवा शिक्षकाने एखादी गोष्ट आगरीत किंवा कातकरीत उतरवायची ठरवली, तर त्यासाठी कोणाची परवानगी मागत बसावे लागत नाही. वाचता येऊ लागले म्हणून मात्र या वयात चित्रपुस्तके काढून घेऊ नयेत. 'आता मोठा झालास, चित्रे काय बघतोस?' हे वाक्य अनेकांचे वाचन तिथेच थांबवते.

वाचून दाखवताना

पुस्तकाइतकेच महत्त्व ते कसे वाचले जाते याला आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांवर एक प्रयोग केला. काही पालकांना नुसते वाचून न दाखवता मुलाला बोलते करायला शिकवले: 'हे काय?' विचारून न थांबता 'हा काय करतो आहे?', 'आता काय होईल?' असे विचारायचे आणि मुलाचे उत्तर थोडे वाढवून परत सांगायचे. महिनाभरातच या मुलांची बोलण्यातील प्रगती इतरांपेक्षा अधिक दिसून आली.

दुसरी तक्रार नेहमीची असते: मूल रोज तेच पुस्तक मागते. ससेक्स विद्यापीठातील जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, तीच गोष्ट वारंवार ऐकणारी मुले नवे शब्द अधिक चांगले शिकल्याचे आढळले. तेव्हा विसाव्यांदा तीच गोष्ट वाचायला कंटाळा आला तरी वाचावी. कंटाळा मोठ्यांना येतो, मुलाला दर वेळी चित्रात नवे काही सापडत असते.

प्रश्नांची परीक्षा मात्र होऊ देऊ नये. 'रंग कोणता? किती पक्षी? तात्पर्य काय?' असे विचारत गेले, की पुस्तक पुन्हा पाठ्यपुस्तक बनते. पान उलटण्याचा हक्क मुलाचा असावा. त्याला मागे जायचे असेल तर मागे जावे.

घेण्यापूर्वी

दुकानात पुस्तक हाती आले की मजकूर झाकून केवळ चित्रे पाहावीत. चित्रांवरून काहीतरी घडते आहे असे कळते का? चेहऱ्यांवर भाव आहेत का? दुसऱ्यांदा पाहताना नवे काही दिसते का? मुली केवळ स्वयंपाकघरात आणि मुलगे केवळ मैदानात आहेत का? काळा रंग दुष्टाला आणि गोरा रंग राजकन्येला दिला आहे का? त्यानंतर मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. वाचताना जीभ अडखळत असेल किंवा वाक्य इंग्रजीतून उचलल्यासारखे वाटत असेल, तर चित्रे कितीही देखणी असली तरी ते पुस्तक ठेवून द्यावे. प्रत्येक पानाअखेर उपदेश असेल तरीही.

पुस्तके खूप असावीत असे नाही. नीट निवडलेली दहा-बारा पुस्तके एका घराला वर्षभर पुरतात, आणि चार घरांनी आपापसांत बदलून वाचली तर चाळीसांच्या वर होतात. ती मुलाच्या हाताला येतील अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी ठेवावीत. अनेक ठिकाणी पुस्तके फाटतील या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतात, आणि ज्यांच्यासाठी ती आणली ती मुले तोवर मोठी होऊन जातात. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडता येते, ते जोडण्याच्या कामात मुलालाही सोबत घ्यावे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाची पुस्तके पाहण्याची ही तीन-चार वर्षे मात्र पुन्हा जोडता येत नाहीत. म्हणून ज्या घरात, ज्या अंगणवाडीत पुस्तके आहेत, तिथे कपाट आजच उघडावे.