प्रस्थानापूर्वीचा काळ

परदेशी स्थायिक झालेल्या डॉक्टरांच्या यशाविषयी स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र जाण्याचे ठरल्यापासून प्रत्यक्ष विमानात बसेपर्यंत जो काळ जातो, त्याविषयी क्वचितच कोणी लिहितो. हा काळ कधी सहा महिन्यांचा असतो, तर कधी पाच वर्षांचा. या अवधीत डॉक्टर येथील नोकरी करीत असतो, पण तीत त्याचे मन नसते. तिकडची नोकरी अजून कागदावरही उतरलेली नसते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटसारख्या गावी रुग्णसेवा करताना आणि जळगाव-इंदूरपर्यंत पसरलेल्या आपल्या समाजातील कुटुंबांच्या संपर्कात राहताना, बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला हा काळ मुलांच्या बाजूने पाहावयास मिळाला. त्याविषयीचे काही विचार येथे मांडीत आहे.

गोपाळरावांची पाच वर्षे

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपणां सर्वांना ठाऊक आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. परंतु त्यांच्या प्रस्थानापूर्वीच्या पाच वर्षांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशींनी १८७८ मध्ये कोल्हापुराहून अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. पत्नीच्या शिक्षणाची सोय आणि स्वतःसाठी अमेरिकेत एखादी नोकरी, अशी त्यांची दुहेरी विचारणा होती. रेव्हरंड वाइल्डर यांनी उत्तरादाखल ख्रिस्ती धर्माचा उपदेश केला आणि तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला व आनंदीबाईंना सातासमुद्रापलीकडे एक हक्काचे घर मिळाले. गोपाळरावांना नोकरी मात्र मिळाली नाही.

इकडे बदल्या चालूच होत्या. कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांचा प्रवास झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला, हे दुःखही याच सुमारासचे. प्रत्येक नव्या गावी नवे घर, नवी कुजबुज आणि अमेरिकेच्या पत्राची प्रतीक्षा. तरीही बदलीचे गाव कोणतेही असो, आनंदीबाईंचा अभ्यास थांबला नाही. अखेर पैशाची अडचण आणि घरची जबाबदारी यांमुळे गोपाळराव मागे राहिले आणि ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून पतीविना बोटीत बसल्या. गोपाळरावांनी आखलेला मूळ बेत असा नव्हता. बेत मोडला, पण प्रतीक्षेच्या काळात केलेला अभ्यास कामी आला. या पाच वर्षांतून मला घ्यावासा वाटतो तो बोध हाच.

नियम बदलतो तेव्हा

आपल्या पिढीतील डॉक्टरांचा अनुभव निराळा असला तरी अनिश्चितता तीच आहे. १९७५ पर्यंत भारतीय पदवीला ब्रिटनमध्ये थेट मान्यता असे. त्यानंतर परीक्षा आली आणि पुढे ती ‘प्लॅब’ या नावाने परिचित झाली. ती उत्तीर्ण झाल्यावर तेथील रुग्णालयात प्रशिक्षणाची जागा मिळाल्यास वर्क परमिटची गरज नसे. या भरवशावर शेकडो तरुणांनी येथील नोकऱ्या सोडल्या, कर्जे काढली. मार्च २००६ मध्ये ब्रिटिश शासनाने ही सवलत रद्द केल्याचे जाहीर केले आणि एप्रिलच्या आरंभी नवा नियम लागूही झाला. यापुढे स्थानिक वा युरोपीय डॉक्टर उपलब्ध नसेल तरच भारतीयाचा विचार व्हावयाचा होता. लंडनच्या ईस्ट हॅम भागात एकेका खोलीत अनेकांनी राहून, देवळातील प्रसादावर भूक भागवून वाट पाहणाऱ्या आपल्या डॉक्टरांच्या हकिकती त्या काळी वृत्तपत्रांतून आल्या होत्या. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना न्यायालयात गेली. उच्चकुशल स्थलांतरितांच्या योजनेखाली आलेल्या डॉक्टरांना मागे ठेवण्याची आरोग्य खात्याची सूचना ३० एप्रिल २००८ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदेशीर ठरविली. न्याय मिळाला, पण तोवर दोन वर्षे उलटली होती. त्या दोन वर्षांत अनेकजण परतलेही होते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात ब्रिटनने सर्व डॉक्टरांना टंचाईच्या व्यवसायांत घातले आणि दार पुन्हा उघडले. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या इंग्लंडच्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत प्रशिक्षणाच्या जागांसाठी तेथील पदवीधरांना प्राधान्य देण्याचे ठरले. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. एमबीबीएसला प्रवेश घेतलेला विद्यार्थी एमडी होईपर्यंत नऊ-दहा वर्षे जातात. एवढ्या काळात एखाद्या देशाचे धोरण दोनदा उलटू शकते.

त्यात कागदपत्रांचीही मुदत असते. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षे ग्राह्य. प्लॅबच्या पहिल्या भागानंतर दोन वर्षांत दुसरा भाग, आणि तो केवळ ब्रिटनमध्येच. वैद्यक परिषदेचे सद्वर्तनाचे प्रमाणपत्र तीन महिन्यांचे. एक कागद ताजा करावा, तोवर दुसरा शिळा होतो.

वाट पाहणारे घर

माझ्याकडे येणाऱ्या अशा घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: “आता तिकडे गेल्यावरच.” सायकल तिकडे गेल्यावर, तबल्याची शिकवणी तिकडे गेल्यावर, दुसरे मूलही तिकडे गेल्यावर. घरात नवी वस्तू येत नाही, जुनी दुरुस्त होत नाही. शिवाय गुप्तता असते. रुग्णालयात कळले तर बढती अडेल, नातेवाइकांत कळले आणि व्हिसा नाकारला गेला तर हसे होईल, म्हणून मुलाला बजावले जाते की शाळेत कोणाला सांगायचे नाही. सहा वर्षांच्या मुलाने एवढे मोठे गुपित पोटात ठेवायचे, आणि मग तेच पोट रोज सकाळी शाळेच्या वेळी दुखू लागते.

अशी पोटदुखी घेऊन येणाऱ्या मुलांच्या बहुतेक तपासण्या निर्दोष निघतात. वजन ठीक, भूक ठीक, रविवारी दुखणे नाही. अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, रात्री दचकून उठणे वाढते. आईवडील दोघेही डॉक्टर असले की सोनोग्राफी झालेलीच असते. घरात काय चालले आहे, एवढाच प्रश्न विचारावयाचा राहिलेला असतो. अशा वेळी मी औषध लिहीत नाही. मुलाला समोर बसवून, जायचे ठरले आहे, कधी ते नक्की नाही, कळले की तुला सर्वांआधी सांगू, असे आईवडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे, असा सल्ला देतो. अनिश्चिततेपेक्षा लपवाछपवीचा भार मुलांना अधिक होतो, असा माझा अनुभव आहे.

लसीकरणाचा कागद

धूलकोट परिसरातील आदिवासी कुटुंबे हंगामात मजुरीसाठी गाव सोडतात. त्यांचे लेकरू तपासताना मी प्रथम विचारतो, पुढची लस कोठे टोचणार? परदेशी निघालेल्या डॉक्टरांच्या मुलांसाठीही हाच प्रश्न आहे, आणि आश्चर्य असे की तेथेही उत्तर पुष्कळदा तयार नसते.

आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला हा डोस नियमित वेळापत्रकात धरला जात नाही. एप्रिल २०१६ नंतर आपल्या तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओ लसीत दोनच प्रकारचे विषाणू आहेत. ते डोस अमेरिका मोजत नाही, टोचून दिलेली लसच ग्राह्य धरते. कांजिण्यांची लस आपल्या शासकीय कार्यक्रमात नाही, अमेरिकेतील शाळांत ती विचारली जाते. अमेरिकेच्या स्थलांतर-व्हिसासाठी आपल्या देशातील दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची क्षयासाठी रक्ततपासणी होते. दोन डोसांमध्ये ठरावीक अंतर लागते, म्हणून हे काम शेवटच्या महिन्यावर टाकू नये. प्रतीक्षेचा काळ ज्या थोड्या गोष्टींसाठी खरोखर उपयोगी आहे, त्यांपैकी ही एक.

तरुण सहकाऱ्यांना

जावे की न जावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. ज्यांनी ठरविले, त्यांना वडीलकीच्या नात्याने चार गोष्टी सुचवितो. हाती नेमणुकीचे पत्र आणि पारपत्रावर व्हिसा आल्यावाचून राजीनामा देऊ नये. पतिपत्नी दोघांनी एकाच वेळी नोकरी सोडू नये. या प्रयत्नाला किती वर्षे आणि किती रक्कम द्यावयाची, हे आरंभीच लिहून ठेवावे व ती मर्यादा पाळावी. परीक्षेचे शुल्क एकदाच भरावे लागते, असे सहसा होत नाही. आणि येथील काम जोवर करीत आहोत, तोवर ते मनापासून करावे. वॉर्डातील मुलाला आपण तिसऱ्या महिन्यात निघणार आहोत याच्याशी कर्तव्य नसते. त्याचा ताप आजचा असतो.

घराबाबतही हेच. मुलाची सायकल आत्ताच घ्यावी. जाण्याचा योग आलाच, तर ती शेजारच्या मुलाला देता येते. योग नाही आला, तर मुलाचे एक वर्ष तरी सायकलीवाचून जात नाही. आनंदीबाईंना पुढे कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक मिळाली, परंतु रुजू होण्याइतके आयुष्य लाभले नाही. नेमणूक नव्हती तेव्हाची वर्षेही त्यांनी पूर्णपणे वापरली होती, म्हणून त्या एवढ्या अल्प आयुष्यातही पदवीपर्यंत पोहोचल्या. जे निघाले आहेत त्यांचा प्रवास सुखाचा होवो. आणि ज्यांची तारीख अजून लागलेली नाही, त्यांच्या घरी मधली वर्षेही आयुष्याच्या हिशेबात जमा होवोत.